हिवाळी सत्र

कागदावर लिहिलेलं असतं : हिवाळी सत्र, एकवीस दिवस.
आणि इथे जानेवारी,
पीच फांदीवरच फुटायला आलेले,
डांबर चपलेला चिकटतंय,
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर भर दुपारी
कुत्रीसुद्धा भांडत नाहीत.
हिवाळा ही पोरं सोबत घेऊन येतात,
बॅगेच्या तळाशी, घडी घालून.

या खेपेला मिनेसोटाची मारेन.
युनिव्हर्सिटीतल्या उर्रुतियांनी आधीच फॉर्म पाठवला होता :
मासे खात नाही. अक्रोड चालत नाहीत.
कुत्र्यांची भीती : थोडी.
मी कापितानला वाचून दाखवला.
त्याने जांभई दिली.

एकशे बासष्ट पायऱ्या चढून आली तेव्हा
चेहरा उकडलेल्या बिटासारखा
आणि हातात, देवा, लोकरीचे हातमोजे.
निघताना तिच्या गावी उणे बावीस होतं.
म्हणजे सांगायचं तिला तेच होतं,
म्हणाली मात्र, "मी उणे बावीस आहे."

सकाळी वर्ग, दुपारी बंदर,
रात्री माझ्या स्वयंपाकघरात गृहपाठ.
मी घेवड्याच्या शेंगा सोलायची, ती क्रियापदं.
"तुमच्याकडे 'असणं' दोन आहेत," एकदा वैतागून म्हणाली,
"एक टिकणाऱ्याचं, सेर.
एक जाणाऱ्याचं, एस्तार."
असतील बाई.
एकाहत्तर वर्षं बोलतेय मी ही भाषा.
आपल्याच घरातल्या वाट्या कोण मोजत बसतं?

ती मोजत होती. वहीत दोन रकाने पाडून :
बर्फ गार आहे, सेर.
सूप गार आहे, एस्तार.
(ते मी लगेच परत गरम केलं.)
मग भिंतीवरच्या फोटोकडे पेन्सिल रोखून,
"सेन्योर एव्हारिस्तो. वारले आहेत. इथे कुठलं?"

मी सहज म्हणाले, "एस्ता मुएर्तो,"
आणि शेंग हातातच राहिली.

हे तर जाणाऱ्याचं.
सुपाला लावतात, थकव्याला लावतात,
सोमवारी आलेल्या रागाला.

टग बोटीवर होता तो सव्वीस वर्षं.
नऊ वर्षांपूर्वी धक्क्यावर दोर गुंडाळता गुंडाळता खाली बसला,
दोर अर्धाच राहिला.
खलाशी होता, ते कायमचं.
मेलेला आहे, ते तात्पुरतं.
आणि ही भाषा माझ्याच तोंडात होती की,
रोज पाव मागत होते तिच्यात,
शेजारणीशी भांडत होते.

"नियमात बसत नाही," मारेन पान उलटत म्हणाली,
"अपवाद आहे. पाठच करायचा."
मी केला. त्या रात्री दोनदा.

एकविसाव्या दिवशी खाली व्हॅन आली.
तिला तीन क्रेडिट मिळाले,
मला उर्रुतियांचं पाकीट, नेहमीसारखे थोडे पेसो कमी.
कापितान तिच्या बॅगेवर पसरला होता.
तिने स्वतःच त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घालून
त्याला उचललं, बाजूला ठेवलं,
आणि मग हात फ्रॉकला पुसले, पण हळूच,
त्याला वाईट वाटू नये अशा बेताने.

तिसऱ्या दिवशी फोनवर निरोप. दोनच शब्द :
"सोय आकी."
पोचले, असं म्हणायचं असणार तिला.
पण क्रियापद चुकलं, टिकणारं लावलं,
आणि 'इथे' म्हणजे तिथे की इथे,
तेही नीट कळेना.
वर्गातल्या बाईंनी लाल रेघ मारली असती.
मी उत्तर पाठवलं, "बरं."

हातमोजे विसरलीय. खुंटीवर आहेत.
जुलैत खिडकीच्या फटीतून वारा घुसतो तेव्हा घालीन,
तेव्हा इथे हिवाळा असतो.

आज उर्रुतियांचा नवा फॉर्म आला.
मुलगा आहे. सगळं खातो.
कुत्र्यांच्या रकान्यात लिहिलंय : खूप आवडतात.
कापितानला अजून सांगितलं नाही.