कडता

तोलाईचं काम माझं. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
सकाळपासून काटा माझ्यासमोर.
पन्नास किलोची गोण, कधी थोडं वर, कधी खाली.
पोत्याचा, मातीचा, ओलाव्याचा कडता कापायचा
आणि चिठ्ठीवर आकडा टाकायचा.

लेक जन्मली तेव्हा दोन किलो आठशे चाळीस.
पाचव्या दिवशी दोन सहाशे दहा.
अकराव्या दिवशी दोन पाचशे नव्वद.
दवाखान्याची ती चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात
मार्केटच्या चिठ्ठ्यांत ठेवली.
दिवसभर हाताला तीच लागत राहिली.
हिच्यातून कडता कोण कापतंय?

रेश्मा तिला सारखी छातीशी धरून.
पोर ओढायची, सुटायची, पुन्हा ओढायची.
टक् टक् आवाज यायचा,
अंधारात कुणी बिघडलेला लायटर पेटवत बसल्यासारखा.
मग थकून झोपायची.
झोपली म्हणजे पोट भरलं, असं आम्ही समजायचो.
रेश्माच्या ब्लाऊजला आतून रक्त लागलेलं
मला धुण्याच्या बादलीत दिसलं.
ती बोलली नव्हती.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
कोपरखैरण्यात आमच्या मजल्यावर तर कुणाच्याच नाही.
दूध पातळ आहे. आईलाच दूध नाही.
हाळीव खा. डब्याचं सुरू करा, उगाच हट्ट नको.
गावाकडून चुलती फोनवर म्हणाली,
आमच्या वेळी सुईण करंगळीचं नख राखायची,
जन्मल्या-जन्मल्या जिभेखालून फिरवायची, झालं.
मी माझ्या नखांकडे पाहिलं.
कांद्याची माती होती.

वाशीच्या दवाखान्यात सिस्टर जिजी.
वीस वर्षं इथे काढली तरी त्यांचं मराठी केरळातच राहतं.
"बाळ रडली की तोंडात बघा," त्या म्हणाल्या.
लेक रडली. त्यांनी बोटाने जीभ उचलली.
जीभ उचलली जाईना.
खाली पांढुरका पडदा, टोकापर्यंत आलेला,
पोत्याच्या तोंडाला सुतळी मारावी तसा.
मला बाकी काही कळत नाही. सुतळी कळते.

डॉक्टर नाखवांनी लगेच कात्री घेतली नाही.
"दिसला दोरा की कापला, असं नसतं," म्हणाले,
"आधी चार दिवस धरण्याची पद्धत बदलून बघू."
जिजींनी रेश्माच्या पाठीला उशी लावली,
बाळाचं नाक बोंडीसमोर आणलं,
तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला शिकवलं.
त्या चार रात्री रेश्मा वाटीत दूध काढायची
आणि मी पालाडीने पाजायचो.
हजारो टन तोललेला हात
थेंबाला थरथरत होता.
वजन थोडं वाढलं. जखमा भरेनात.

पाचव्या दिवशी मी तिचं डोकं धरलं.
कात्रीचा आवाजसुद्धा आला नाही.
गॉजवर मसुराएवढं रक्त,
आणि त्याच मिनिटाला जिजींनी तिला उचलून
रेश्माच्या कुशीत दिलं.

त्या दिवशीही टक् टक् होतंच, खोटं कशाला सांगू.
सुतळी सुटली तरी पोत्याचं तोंड
काही वेळ जुनीच घडी धरून राहतं.
माझ्या पोटात पुन्हा गोळा.
तिसऱ्या रात्री मी पालाडी धुऊन आत आलो
तर खोलीत वेगळाच आवाज.
गटक. श्वास. गटक.
रेश्मा पंख्याकडे बघत होती.
मी विचारायच्या आत म्हणाली,
"दुखत नाहीये,"
आणि मग बराच वेळ बोललीच नाही.

शेजारच्या थोरातवहिनी परवा म्हणाल्या,
जीभ सोडवलीत, आता बडबडी होईल हो.
होऊ दे.

सोमवारी वजन केलं. दोन दिवसांत सत्तर ग्रॅम.
आमच्या काट्यावर सत्तर ग्रॅम दिसतच नाहीत,
शंभराखाली तो बोलत नाही.
दुसऱ्या दिवशी गोण ठेवली
आणि आकडा पुरता थांबेपर्यंत मी नुसता बघत राहिलो.
मागून हमाल ओरडला,
मापाडी, झोपला काय?