मुद्देमाल

पंचनाम्यात लिहिलंय:
लोखंडी सुरी, पातं एक वीत,
लाकडी मुठीवर तांब्याची तार,
आरोपीच्या राहत्या घरातून जप्त.

तार का, ते लिहिलेलं नाही.
मूठ चिरली त्या साली
माझ्या आज्यानं ती गुंडाळून दिली होती,
देवळाच्या घंटेला बांधून उरलेली.
आम्ही गुरव.
चिंचाळवाडीच्या म्हसोबाला पाणी आम्ही घालायचं
आणि जत्रेचं पहिलं बकरं बाबालाल मुलाण्यानं कापायचं,
हे ठरवलं कोणी, ते गावात कोणालाच सांगता येत नाही.

आषाढात कोणाच्या तरी पोराच्या फोनवर
कसलं तरी चित्र आलं.
मी पाहिलं नव्हतं.
दगड उचलणाऱ्या निम्म्यांनी पाहिलं नव्हतं.
'चांगभलं' म्हणत निघालो आम्ही,
चांगलं होवो, भलं होवो,
आणि बाबालालच्या पत्र्यावर धाड धाड धाड.
त्यात एक दगड माझा.
तो पत्र्यावर वाजला नाही.

मग दहिवडीहून गाडी. आठ दिवस पारावर पोलीस.
शांतता समिती, चहा, बिस्किटांचे पुडे,
'आपण सारे भाऊभाऊ' याच्या खाली सह्या.
जैतुनबीनं आतून कोयंडा घातला.
तौफिक गेला इचलकरंजीला, मागावर.

चैत्रात जत्रा.
मंडळाच्या पोरांनी साताऱ्याहून माणूस आणला,
एका घावात तोडणारा. तोडलंही त्यानं.
रश्श्याचा वास ओढ्यापर्यंत गेला.
हौसाकाकू हात धुऊन पत्रावळीवर बसली, ती बसलीच.
"मुलान्याचा हात लागला न्हाई. मी खायाची न्हाई."
काकू, ते त्यांच्यातलं. आपल्यात नसतंय तसलं.
"तुमच्यात नसंल. माझ्यात हाय.
चाळीस वर्सं नवस फेडती मी,
द्येवाला कळतंय सुरी कुणाची ते."
शेजारची उठली. मग धनगरवस्तीवरच्या बाया.
निम्मी पंगत उठली.
कुत्र्यांची चंगळ झाली त्या रात्री.

सकाळी ठाण्यात काकू, सरपंच आणि मी.
सुरी द्या.
फौजदार म्हणाले, ते हत्यार आहे.
"हत्यार न्हाई सायेब, मान हाय."
त्यांनी रजिस्टर पुढं-मागं चाळलं.
मानाला रकाना नव्हता.
लाखेच्या सीलखाली पिशवीत दिसत होती ती,
मुद्देमाल नंबर चार,
तार हिरवी पडलेली.
कोर्टातून सुटेल, म्हणाले.

रविवारी काकूनं स्वतःचं बकरं आणलं.
मी आईची भाजीची सुरी घेतली
आणि बाबालालच्या दारात जाऊन उभा राहिलो.
कोयंडा निघायला फार वेळ लागला.
त्यानं अंगठ्यानं धार पाहिली.
"काकडी चिरायची हाय ही."
डाव्या भुवईत टाक्यांची रेघ, अजून तांबूस.
मग म्हणाला,
"दगड बघ एखादा."

धार लावायला.
मला कळलं होतं ते.
तरी वाकलो तो वाकलेलाच राहिलो,
अंगणात दगड पुष्कळ होते.

देवळामागं त्यानं ओठातल्या ओठात त्याचे शब्द म्हटले.
काकू म्हणाली, चांगभलं.
एकटीच, हळू.
दोन्ही ऐकलं बकऱ्यानं.
त्याला कोणी विचारलं नव्हतं.

बाबालाल जेवायला थांबला नाही.
सुरी धुतली, कागदात गुंडाळली, माझ्या हातात दिली.
मानाचा वाटा काकूनं घरी पोचवला.
दार वीतभर उघडलं, डबा आत गेला, दार लागलं.
तौफिक अजून तिकडंच आहे.
तारखा पडतायत.

आणि आईनं ती सुरी
पुन्हा भाजीला लावली नाही.
टाकलीही नाही.
वळचणीला खोचून ठेवलीय,
येता-जाता डोक्याला लागेल अशी.