पंचेचाळीस मायक्रोफॅरड

गुदैबियातल्या आमच्या खोलीत एकच टेबल.
सहा ते आठ त्यावर आई पोळ्या लाटते,
अकरा जणांचे डबे जातात.
आठनंतर पीठ पुसून माझी बारावी बसते.
इंटिग्रेशनच्या वहीत त्यामुळे
जिथे तिथे पांढरी बोटं.
कुरुविला सर वही झटकतात, हसतात,
आणि तरी अर्धा मार्क कापतात:
शेवटी अधिक सी लिहायचा राहिला.

सी. फार राबवतात त्याला.
गणितात तो स्थिरांक, किती ते कुणी विचारत नाही.
फिजिक्समध्ये कपॅसिटन्स.
खिडकीतल्या एसीवर, डोक्याशी एवढासा गोल घेऊन, तापमान.
एका व्हिसावर तीन कामं, बाबांसारखी.
बाबांच्या कार्डावर 'हेल्पर' आहे.
प्रत्यक्षात मेकॅनिक, ड्रायव्हर,
आणि गिऱ्हाईक ओरडायला लागलं की कंपनीही तेच.

प्री-बोर्डचे मार्क आले त्या रात्री
(सत्तरपैकी एकेचाळीस; जेवताना कुणी काही बोललं नाही)
बाबांनी पिशवीतून एक फुगलेला कपॅसिटर काढला,
मिल्कमेडच्या डब्याहून जरा बारीक.
"हे तुमच्या पुस्तकात असतं ना?"
असतं. पण तिथे नुसत्या दोन समांतर रेघा,
ना गंज, ना सनाबीसच्या गच्चीवरची धूळ.
ह्याच्या अंगावर छापलेलं: पंचेचाळीस मायक्रोफॅरड,
चारशे चाळीस व्होल्ट.

मी तिथल्या तिथे सोडवून दाखवलं.
अर्धा सी व्ही वर्ग. चार पूर्णांक छत्तीस ज्यूल.
म्हणजे काही फार नाही, बाबा,
किलोभर तांदूळ दीड फूट उचलण्याइतकं.

बाबांनी वही लांब धरून पाहिली, चष्मा गाडीत होता.
"एवढंच?" म्हणाले.
"अशाच एकाने मला शिडीवरून फेकलं होतं. हिद्दला.
तू आठवीत होतीस."

आम्हाला सांगितलं होतं, पाय घसरला.

आईने ओटा पुसायचा थांबवला.
मी गुणाकार पुन्हा केला. दशांश चिन्ह तपासलं.
उत्तर बरोबर होतं.

"तांदूळ आपण सावकाश उचलतो," बाबा म्हणाले,
"हे एकदम येतं.
ह्यात तू वेळ कुठे धरलास?"

गडहिंग्लजचं आयटीआय अर्ध्यात सोडलेला माणूस
मला डी बाय डीटी विचारत होता.
आणि मी वर्षभर डेरिव्हेटिव्ह काढत आले होते
मेथी निवडावी तशी,
काय बदलतंय आणि किती झपाट्याने
हे एकदाही मान वर करून न बघता.

मग त्यांनी टेप गुंडाळलेल्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर
दोन टोकांवर आडवा टेकवला.
ठिणगी नाही. मेलेला.
"तरी आधी हे करायचं," म्हणाले,
"मेलाय असं नुसतं बघून ठरवायचं नाही."
तळव्यावरची ती गुळगुळीत, बिनरेषांची जागा
मी तेव्हा नीट पाहिली.
ती मला लहानपणापासून पाठ होती. अर्थासकट नव्हती.

मार्चमध्ये पेपर. रोज्यांचे दिवस, रस्ते मोकळे,
पिकअपवर शिड्या खडखडत ईसा टाऊनपर्यंत.
गेटपाशी बाबांनी बेस्ट लक वगैरे म्हटलं नाही,
पाण्याची बाटली दिली आणि रिफाच्या कॉलला गेले.

कपॅसिटर आला नाही.
मृगजळ आलं, तीन मार्कांना, आकृतीसह.
ते काय, आम्ही बसमधून फुकट बघतो.

मध्येच हॉलमधला एसी बंद पडला.
चाळीस पेनांचा आवाज एकदम मोठा झाला.
मग वर गच्चीवर कुठेतरी टक्,
आणि पुन्हा घरघर.
ही गच्ची कोण बघत असेल, मी विचार करत राहिले,
तोवर मॅडम म्हणाल्या, शेवटची दहा मिनिटं.

मी पान मागे उलटलं
आणि चौदाव्या उत्तरात, ज्यूलच्या पुढे,
राहून गेलेलं
'प्रति सेकंद' लिहिलं.