नमुना क्रमांक चार

महिन्याच्या पाच तारखेला
मी गावाचं पाणी अंगावर घेऊन फिरतो.
चार बाटल्या, बोटाएवढ्या,
बनियनखाली फडक्यात बांधलेल्या,
चोवीस तास उबेत,
कोंबडीनं अंडी धरावीत तशा.
काळी पडली तर पाणी वाईट.
नाही पडली तर कुणी विचारत नाही.

पहिली खारवीवाडीची.
चैत्र लागला की खाडी जमिनीखालून आत शिरते,
डाळ शिजता शिजत नाही,
साबण नुसता हातात फिरतो.
बाटली मात्र लख्ख.
जंतू नाहीत, मी सांगतो.
यशवंत पावसे हसतो, गोळ्यांचं पाकीट दाखवतो:
"जंतू नाय रे, प्रेशर हाय.
डॉक्टर बोलतो मीठ सोड.
खारं म्हावरं सोडलं. आता काय हीर सोडू?"
माझ्या वहीत यासाठी रकाना नाही.

दुसरी मोहल्ल्यातल्या बोअरची.
हंड्याच्या बुडाशी गेरू,
हमीदाबीच्या पांढऱ्या ओढण्यांना पानाचे डाग पडल्यासारखे,
चहा तर शाईच.
पाहुणे कप उचलतात, बघतात, ठेवतात.
आणि हेच पाणी, सगळ्यांत कुरूप,
सगळ्यांत निरपराध.
नुसतं लोखंड.

तिसरी सरपंचांच्या जारमधली.
वीस लिटर, टेम्पोनं येतं, निळं झाकण.
कातळातून झिरपताना पाणी जे जे शिकतं
ते सगळं मशीननं विसरायला लावलेलं.
पास झालं. चव विचारू नका.

चौथी आमची.
जांभ्यात खणलेली, सतरा हात खोल.
बाळंतिणीसाठी पलीकडच्या वाडीतून
हिची कळशी न्यायला यायचे.
तानूआत्या सासरहून कायमची परत आली
ती म्हणे या पाण्यासाठी.
नवऱ्याचं नाव घेत नाही,
पाण्याचं घेते.

सकाळी फडकं सोडलं
तर चौथी बाटली डांबरासारखी.
परत भरली. परत काळी.
मग विहिरीवरून चढणीकडे पावलं मोजत गेलो:
सोळाव्या पावलाला
अनुदानातल्या संडासाचा शोषखड्डा.
माझ्याच सहीनं मंजूर झालेला.
जांभा म्हणजे चाळण.
वरून काय आलं, तो विचारत नाही.
शिमग्यानंतर दोन पोरं पिवळी झाली
तेव्हा आम्ही सगळ्यांनी
सरबतवाल्याला शिव्या घातल्या होत्या.

विहिरीत टीसीएल टाकली;
आत्या दोन दिवस तहानेली बसली.
उकळून दिलं.
तांब्या नाकाशी नेला, खाली ठेवला.
"तापवलंस की पानी मरतं."

मरतंच.
उकळताना त्यातला वारा निघून जातो,
मागे राहतं ते नुसतं ओलं.
म्हणून आता रात्री, ती झोपली की,
गार झालेलं पाणी
मी एका कळशीतून दुसरीत ओततो,
उंचावरून, बारीक धार धरून,
वीस वेळा, तीस वेळा,
खांदे भरून येईस्तोवर.
सकाळी सांगतो, आत्ताच शेंदलं.

ती घोट तोंडात फिरवते.
माझ्याकडे नाही, विहिरीकडे बघते.
"आज हिरीला धुराचा वास येतोय," म्हणते,
आणि तांब्या पुरा करते.