उलटं पाणी

रात्रपाळीत मी एक ज्योत राखते
जिच्याकडे थेट कुणी बघत नाही.
रुपयाएवढ्या काचेमागे निळसर थरथर
आणि पडद्यावर तिचा आकडा.
आकडा आहे तोवर ज्योत आहे.

बाबांना हे पटत नाही.
जन्मभर तांडेल. वेलदूरच्या बंदरात
त्यांच्या एका शब्दावर सात होड्या सुटायच्या.
"वारा किती म्हणालीस?"
सेकंदाला साठ मीटर.
ते बोटांवर काहीतरी मोजतात, मग हसतात.
"त्याहून कमी वाऱ्यात शाळेचे पत्रे खाडीत गेलेले.
आणि तुझी ज्योत?"
ती जात्याच मंद. अंगच्या बळावर सरकते
सेकंदाला हातभर.

खळबळीत तिला सुरकुत्या पडतात,
आणि त्या सुरकुत्यांमुळेच ती जास्त वायू गिळते,
वेग धरते. इथवर खळबळ तिची सखी.
त्यापुढे तीच तिला फाडते,
चिंधी चिंधी, प्रत्येक चिंधी एकेकटी विझणारी.
मधली रेघ कुठे, त्याचा आलेख पुस्तकात आहे.
आलेखावर आपण कुठे उभे आहोत
हे मात्र दर रात्री नव्याने शोधायचं.

मार्गशीर्षातली गोष्ट.
मिश्रण आणखी विरळ करा, धुराड्याचे आकडे खाली हवेत,
असं वरून आलं होतं. केलं.
पावणेतीनला गुरगुर सुरू झाली.
आधी चहात कळली, टेबलावरच्या ग्लासात
कुणी न हलवता उठलेली वर्तुळं,
मग जमिनीतून टाचांत.
"सहा नंबर गुणगुणतोय," इम्तियाज चौगुले म्हणाला,
शेजारच्या पोराबद्दल बोलावं तसं.
मी पायलटचा वायू वाढवायला हात नेला
आणि आकडा शून्य.

विझण्याला आवाज नसतो.
झडपा तेवढ्या धाडधाड मिटल्या.
टर्बाइन मग उतरत राहिलं बराच वेळ,
दोर सुटलेल्या रहाटासारखं.
खिडकीतून बघितलं. पलीकडे दाभोळचे दिवे तसेच.
वीज कुठून तरी दुसरीकडून आली असणार.
नोंदवहीत मी लिहिलं, ज्योत गेली.
चौगुलेने ते खोडून लिहिलं,
ज्वालालोप, कक्ष सहा, वेळ २.५१.

दुपारी झोप लागेना. बाबा म्हणाले, चल.
सुकती होती, खडप उघडं पडलेलं.
खाडी तोंडाशी ओढीने निघालेली, फेसासकट,
आणि मध्ये एक कातळ, म्हशीएवढा, आडमुठा.
बाबांनी नारळाचं सोडण उचललं
आणि कातळाच्या मागच्या अंगाला टाकलं.
मला वाटलं, गेलं समुद्रात.
ते गेलं नाही. वळलं.
कातळाला टेकलं, बाहेर आलं, प्रवाहाला जरा शिवलं,
पुन्हा वळून आत.
"हितं पाणी उलटं येतं," ते म्हणाले.
"नांगर तुटलेली होडी हितंच घालायची.
माझा बाप घालायचा."

माझ्या बर्नरमध्येही अशीच एक तबकडी आहे,
भाकरीएवढी, बोथट, वाऱ्याच्या ऐन तोंडात.
तिच्यामागे जळून गेलेल्यातलं थोडं परत फिरतं
आणि नवं येणाऱ्याला पेटवतं.
पाच वर्षं मी तिला नकाशात बघत होते,
छेद अ-अ, माप मिलिमीटरमध्ये.
बाबांना सांगायला गेले,
पण ते कालवं लागलेत का ते बघत होते.

तिथेच बसलो आम्ही. किती वेळ, माहीत नाही.
सोडण फिरत होतं. कधी कधी कडेला इतकं जायचं
की मी श्वास धरायचे.
मग फेस थबकला. पाणी क्षणभर कुठेच जाईना,
आणि आमच्या पायाशी चढू लागलं.
सोडण कातळावरून अलगद निघालं,
आतल्या बाजूला, खाजणाकडे.
"भरती लागली की ह्या कातळाचा काय उपयोग नाय,"
बाबा म्हणाले, लुंगी झटकत.
"मग दुसरा बघायचा."

दहाला माझी पाळी होती.
मी जाताना चौगुलेसाठी कालवं घेऊन गेले.
सहा नंबर पेटला होता. ग्लासातला चहा
एकदाच हलला, आणि मी हात तिथेच ठेवला.