दोन एफांचं जोडाक्षर

त्रिएस्तेत बोरा नावाचा वारा सुटला
की गावच्या गाव तिरपं होतं.
टोप्या धरलेली माणसं, कुत्री, प्रार्थनेहून परतणाऱ्या बायका,
सगळी एकाच कोनात कललेली,
चढावर बांधलेल्या दोराला धरून.
नेरीना श्केर्क म्हणते, माझी अक्षरं
कुठल्या दरबारी लेखणीतून नाही उतरली,
या वाऱ्यातून आलीत.

(थापा मारते. खिळे तिच्या सासऱ्यानं
उदिनेच्या एका बुडालेल्या छापखान्यातून
रद्दीसारखे वजनावर आणले होते.)

खालून दुसरा खण. कुलूप नाही,
पण रोजच्या कामाला तो उघडायचा नाही.
मासळीच्या पावत्या, बोटींची वेळापत्रकं
ठोकळ, उभ्या अक्षरांत.
हा तिरपा टंक फक्त समारंभाचा:
बारसं, पदवी, लग्न,
आणि ते दुसरं,
ज्याला काळी चौकट लागते.

किती लग्नं जुळवली तिनं, अक्षरशः,
एकेक खिळा बोटांच्या चिमटीत धरून.
शिशात अक्षरं मागे रेलतात,
जणू त्यांना जायचंच नाही.
कागदावर उतरली की पुढे झुकतात.
नेरीना दोन्ही वाचते, चष्मा न लावता.

त्यात एफ सगळ्यांत नखरेल.
त्याचा तुरा स्वतःच्या अंगात मावत नाही,
शेजाऱ्याच्या डोक्यावर जातो,
शेजारी उंच निघाला की मोडतो.
म्हणून दोन एफ लागून आले तर
ओतणाऱ्यानं ते एकाच अंगावर ओतले,
आपल्या जोडाक्षरासारखे.
तसे बारा होते.
आता एक.

मंगळवारी फेरुच्चो बासानेझे आला,
कोट वाऱ्यानं पाठीला चिकटलेला.
खिशातून जुनी पत्रिका काढली, चार घड्यांची,
राफ्फाएल्ला आणि फेरुच्चो, जूनचा दुसरा शनिवार,
जेवण बंदरावरच्या खानावळीत.
म्हणाला, हीच अक्षरं.
नाव एकच.

नेरीनानं खण ओढला. जोडाक्षर सापडलं,
खिडकीपाशी नेलं, भिंग धरलं.
दुसऱ्या एफचा तुरा गेलेला.
कधी गेला कोण जाणे, कुणाच्या बारशात.

सुटे दोन लावते, ती म्हणाली,
मध्ये जरा फट राहील,
पण कोणाला कळायची नाही.

किती फट?

केसभर.

बाहेर एक कचऱ्याचा डबा
उतारावरून गडगडत गेला, थेट समुद्रापर्यंत असावा.
तो आवाज संपेपर्यंत फेरुच्चो बोलला नाही.

तुटका चालेल, म्हणाला.
फट नको.

एकशे वीस प्रती. दोरीवर ओल्या टांगलेल्या,
प्रत्येकीवर राफ्फाएल्ला किंचित पुढे झुकलेली,
नावाच्या मधोमध एक तुरा कमी.
नेरीनानं पैसे न मोजता गल्ल्यात टाकले,
मग त्याला सोडायला दारापर्यंत गेली.

दार वाऱ्यानं बाहेरून दाबून धरलं होतं.
उघडायला दोघं लागली.