साडेचार मिलिमीटर

अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी लेथवर उभा होतो.
शाफ्ट दोन शतांशानं जाड निघाला
तरी सुपरवायझर यायच्या आधी
माझाच अंगठा त्याला नापास करायचा.

रिटायर झालो. फंडाच्या पैशातून
सिडकोतल्या घरावर दोन मजले चढवले,
जिना बाहेरून काढला.
कठडा पवननगरच्या फॅब्रिकेटरकडून, वजनावर.

वरच्या गांगुर्डेबाई भाडं द्यायला आल्या की म्हणायच्या,
"काका, कठडा हलतोय."
मी नोटा मोजायचो.
पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणाल्या.
मग म्हणायचं सोडलं,
मुलाच्या वहीचं पान पाठवलं:
पोरं वर-खाली करतात, एवढं बघा.
ते पान आता कोर्टात आहे.
निशाणी सतरा.

बघितलं नव्हतं असं नाही.
एका रविवारी वर गेलो, हलवून पाहिला.
खालचा बोल्ट गंजून भुगा झालेला,
दांड्यानं मान टाकलेली.
घरात बायंडिंगची तार होती.
चार वेढे, पक्कडीनं पीळ.
गांगुर्डेबाई दारात उभ्या होत्या,
त्यांना म्हटलं, तात्पुरतं हं.
हा शब्द मी कंपनीत
एकदाही वापरला नव्हता.

बोल्ट बावीस रुपयांचा.
वेल्डर दीडशे मागत होता
आणि मी म्हटलं, दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर सुलक्षणा पगारे आली,
मीटरचं रीडिंग घ्यायला, सकाळी पावणेदहाला.
मीटर जिन्याच्या वळणावर, उंच.
तेही मीच तिथं लावायला सांगितलेलं,
पुढची भिंत खराब नको म्हणून.
फोटोत आकडे मावेनात
म्हणून ती मागं टेकली.

मी अंगणात पेपर वाचत होतो.
आवाज ओळखीचा होता:
नीट न आवळलेला जॉब
चकमधून सुटतो, तसा.

सिव्हिलमध्ये म्हणाले, मणका.
दोन ऑपरेशनं झाली.
उजव्या पायाला अजून
चप्पल ओळखू येत नाही, असं तिची आई सांगते.
मी सफरचंदं घेऊन गेलो होतो, एकदाच.
आईनं पिशवी हातात धरली, खाली ठेवली नाही,
विचारलं, "घर तुमचंच ना?"

माझे वकील म्हणतात, तिनं बघून टेकायला हवं होतं.
म्हणतात, दोष फॅब्रिकेटरचा.
म्हणतात, भाडेकरूनं लेखी कळवायला हवं होतं.
कळवलंय म्हटल्यावर
बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तिच्या मोबाईलमध्ये फोटो दोन निघाले.
पहिल्यात मीटर, स्वच्छ: चार हजार दोनशे सतरा.
दुसरा कुणी काढलेला नाही, निघालेला आहे.
आभाळ, गच्चीचा एक कोपरा,
आणि सुटलेल्या तारेचं टोक.
पीळ माझ्या हातचा.
कुठेही ओळखेन.

सीबीएसजवळच्या कोर्टात मला उभं केलं.
वकिलांनी पढवून ठेवलेलं: आठवत नाही, म्हणा.
समोरच्या बाई तरुण होत्या, आवाज न चढवता म्हणाल्या,
"कठडा हलत होता, हे तुम्हाला माहीत होतं?"
मी गप्प.
"किती हलत होता?"

अंगठा आणि तर्जनी
माझ्या आधी वर आली,
मधे फट ठेवून.
चार, म्हणालो.
पावसाळ्यानंतर साडेचार.

टाइप करणाऱ्यानं मान वर केली. "इंच?"
"मिलिमीटर," मी म्हटलं,
"नीट लिहा."